राखणदाराची झोप

आमच्या गावात घोरण्याला मान होता. हसू नका, खरंच होता. जो जोरात घोरतो त्याची झोप गाढ, आणि ज्याची झोप गाढ त्याच्या पोटात दुखणं नाही की मनात पाप नाही, अशी सरळ समजूत. पाहुणा म्हणून आलेला एखादा सोयरा दुपारी जेवून ओटीवर आडवा झाला आणि घोरू लागला, की घरातल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "निवांत मानूस हाय गो." या समजुतीप्रमाणे माझे बाबा गावातले सगळ्यांत निवांत माणूस होते. त्यांचं घोरणं कुडाच्या भिंती ओलांडून चौथ्या घरापर्यंत ऐकू जायचं. चौथ्या घरातला म्हातारा सकाळी विचारायचा, "काय, रातभर गिरण चालू होती का?"

हे सगळं मी चिडून लिहितो आहे, आणि चिडण्याचा हक्क गावात सगळ्यांत कमी कुणाला असेल तर तो मला आहे. तरीही चीड येते. तिला कोण काय करणार?

गाव शहापूर तालुक्यातलं, डोळखांबहून डोंगराच्या अंगाला आत शिरलं की लागणारं. पंचवीस-तीस घरं, ओढ्याकाठी भाताची खाचरं, वर माळाला थोडी नाचणी आणि वरी. बोलताना आम्ही भावंडं बाबांना अरे-तुरेच करायचो, आमच्याकडे तीच रीत. आता लिहिताना हात आपोआप मान देतो. मेल्यावर बापाचा मान वाढतो, हे काही माझ्या एकट्याच्या घरातलं नाही.

बाबा अंगाने काटकुळे. मान आखूड, आणि हनुवटी जवळजवळ नाहीच. खालचा ओठ संपला की गळा सुरू. ती उणीव झाकायला ते दाढीचे खुंट राखून असत. मी तोंडावळ्याने हुबेहूब त्यांच्यावर गेलो, त्यामुळे शाळेत माझीही त्यावरून भरपूर खेचली गेली.

नव्वदच्या सुमारास मी बारा-तेरा वर्षांचा असेन. मी आणि धाकटी बहीण बाबांच्या पायाशी निजायचो. झोप येईपर्यंत आमचा एक खेळ चालायचा. बाबांचं घोरणं चढत चढत जायचं आणि मधेच एकदम बंद पडायचं. पार बंद. छाती हलायची, पोट आत ओढलं जायचं, पण श्वास नाही. त्या क्षणी आम्ही दोघं आपापला श्वास कोंडून धरायचो. आमचा सुटायचा तरी बाबांचा बंदच. मग घुसमटल्यासारखा एक मोठा आवाज, अंगाला एक हिसका, आणि गिरण पुन्हा चालू. बाबांना हरवणं आम्हाला एकदाही जमलं नाही. बहीण म्हणायची, "बाबा पान्याखाली बसला ना, तर कोनालाच सापडनार नाय." आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. माझा बाप रोज रात्री गुदमरत होता आणि आम्ही त्याच्याशी पैज लावून खेळत होतो.

सकाळ मात्र वाईट असायची. उठल्या उठल्या बाबा डोकं धरून बसत. आई कपाळाला फडका घट्ट बांधून देई. घसा कोरडा पडलेला असे, तांब्याभर पाणी एका दमात पीत. डोळे लाल. ओठ काळेनिळे, ते विडीमुळे, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. बोलायला जावं तर अंगावर येत. आणि दिवसा झोप, ती कुठेही. नांगर धरून उभ्या उभ्या. लग्नाच्या पंगतीत, भातावर वरण पडायच्या आत. शहापूरहून येणाऱ्या एसटीत बसले की झोपलेच, मग आमचा फाटा मागे टाकून पुढच्या गावाला उतरायचे आणि तिथून पायी परत यायचे. विचारलं तर म्हणत, "डोळा लागला जरा."

सकाळचं डोकं, लाल डोळे, घशाला कोरड, चिडचिड, दिवसा कुठेही लुढकणं. गावात या सगळ्याला एकच नाव होतं, दारू.

बाबा पीत नव्हते. पूर्वी कधी होळीला किंवा हळदीला घोटभर घेत असतील, आमच्या भागात कोण घेत नाही? पण बहिणीच्या जन्मानंतर आईने शब्द घेतला आणि त्यांनी तेही सोडलं. हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहून ठेवतो, मला माहीत होतं.

आता राखणीचं सांगतो. भात पिकायला लागलं की रानडुकरं उतरतात. सगळ्या गावाची खाचरं एकाच पट्ट्यात, एकाच्या बांधाला दुसऱ्याचा बांध. मधोमध चार मेढींवर बांधलेला माळा, वर पेंढ्याचं छप्पर. दर घरचा एकेक माणूस पाळीपाळीने रात्री तिथे जाई, पत्र्याचा डबा बडवी, आरोळ्या मारी, बॅटरी फिरवी. बाबांची पाळी आली तेव्हा लोकांनी धरूनच ठेवलं होतं की आज भात गेलं. बाबा माळ्यावर चढले आणि झोपले. सकाळी लोक बघायला गेले तर एक लोंबी हललेली नाही. दुसऱ्या रात्री चांगला जागणारा माणूस गेला आणि डुकरांनी कोपरा साफ केला. पुन्हा बाबांना पाठवून पाहिलं, पुन्हा भात शाबूत. मग सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. डबा बडवणारा हात दमतो, थांबतो. बाबांच्या घोरण्याला दमणं ठाऊक नव्हतं. ते थांबायचं तेवढ्यापुरतं, आणि पुन्हा सुरू होताना असा काही आवाज काढायचं की डुकराने शेपूट घालून डोंगर गाठावा.

गावकीने पाळी बंद केली. सगळ्या पट्ट्याची राखण बाबांकडे आली. बदल्यात झोडणीच्या वेळी घरटी सूपभर भात. झोपायची मजुरी मिळवणारा हा जगातला एकटाच गडी, अशी थट्टा व्हायची. "डबा ठेव घरी, ह्याला निजव," असं लोक म्हणायचे. बाबा त्या थट्टेने खुलायचे. ज्या झोपेपायी दिवसभर ऐकून घ्यावं लागे, तिचा गावाला उपयोग होता. हंगामात ते दिवेलागणीला घोंगडी खांद्यावर टाकून गावातून निघाले की त्यांची मान नेहमीपेक्षा लांब दिसायची. पाच-सहा वर्षं हे चाललं. माझ्या बापाला गावात काही एक जागा होती ती तेवढीच वर्षं.

दरम्यान मी शहापूरला आयटीआय केलं आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. तिथेच खोली घेऊन राहू लागलो. अंगात कंपनीचा निळा शर्ट आला आणि गावात माझ्या बोलण्याला वजन आलं. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला एवढं वजन देऊ नये. पण शिकलेल्याचं तोंड बघून आमची माणसं गप्प बसतात, त्याला काय करणार!

त्या वर्षी मी कापणीसाठी रजा टाकून घरी आलो होतो. भात पिवळं होऊन वाकलं होतं, चार दिवसांत विळा लागणार होता. बाबांच्या पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मधे, लिंबाएवढं गळू झालं होतं. आई एरंडाचं पान गरम करून त्यावर बांधत होती.

"माळ्यावर कसा निजशील?" मी विचारलं.

"एका अंगावर पडंन," बाबा म्हणाले, आणि घोंगडी घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले ते मला आजही जसेच्या तसे दिसतात. फडका खांद्यावर होता, कपाळाला नाही. डोळे स्वच्छ. ओटीवर बसून आईला म्हणाले, "आज डोका नाय दुखत गो. काय झोप लागली! ल्हानपनी लागायची तशी." आईने चहा दिला. एरवी गटागटा पिऊन टाकणारा माणूस तो चव घेत पीत होता. मला म्हणाले, "बस ना रे, कंपनीतला काय सांग." त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मी काही सांगायला तोंड उघडतो तोच ओढ्याकडून आरडाओरड ऐकू आली.

धुकं होतं म्हणून उतरताना बाबांना काही दिसलं नव्हतं. डुकरांनी ओढ्यापासून थेट माळ्याच्या मेढींपर्यंत भात लोळवलं होतं. खाल्लं थोडं, तुडवलं फार. बाबा झोपले होते त्याच्या बरोबर खाली, चिखलात, खुरांचे ठसे होते. सगळ्यांत जास्त नुकसान गावकीच्या कारभाऱ्यांच्या खाचरांचं.

त्याच सकाळी गावदेवीच्या देवळापुढे माणसं जमली. पुरुष पुढे बसलेले, बायका मागे वडाखाली उभ्या. कारभारी वाईट माणूस नव्हते. आवाजही चढवला नाही त्यांनी.

"डुकरं तुज्या खालून गेली. तुला कळलं नाय?"

"नाय," बाबा म्हणाले. "झोप लागली होती."

"झोप तर तुला रोजच लागते. रोज घोरतोस, डुकरं येत नाय. कालच काय झालं?"

चौथ्या घरातला म्हातारा म्हणाला, "काल गिरण बंद होती. मी जागा होतो दमा उठल्यामुळं. ओढ्याकडून एक सूर नाय ऐकला."

"मंग?" कारभारी म्हणाले. "जागा नव्हतास, घोरतबी नव्हतास. मानूस असा मेल्यासारखा कदी पडतो?"

उत्तर मागून कुणी तरी दिलं, "पिल्यावर." थोडं हसू पसरलं. मग कुणी पंगतीतली आठवण काढली, कुणी एसटीतली, कुणी नांगरावरची. गेल्या कित्येक वर्षांची प्रत्येक डुलकी बाबांच्या समोर आणून मांडली गेली. ज्या गोष्टींवर लोक कालपर्यंत पोट धरून हसत होते त्याच गोष्टी आता गंभीर तोंडाने सांगत होते.

"देवीची आण," बाबा म्हणाले, "एक थेंब नाय घेतला."

कारभाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग रे. शिकलेला हायस, कंपनीत जातोस. बाप म्हनून बोलू नको, खरा काय ते बोल. पितो का?"

मी काय बोललो ते सांगण्याआधी का बोललो ते सांगायला हवं, आणि तेच मला नीट जमत नाही. चार दिवसांपूर्वीच बाबा शहापूरहून माझ्याबरोबर येताना एसटीत झोपले होते, तोंड उघडं, लाळ गळत, डोकं माझ्या ओळखीच्या एका माणसाच्या खांद्यावर. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो. तो राग होता. पण नुसता राग नव्हता. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं, आणि मला वाटलं की बापाची बाजू घेणार नाही तोच खरा शिकलेला. न्यायाधीश व्हायची हौस आली मला, निळ्या शर्टात.

मी म्हणालो, "मी पाह्यला नाय. पन रोज सकाळचा डोका धरून बसतो. पीत असल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मी तो केव्हाच पचवला असता. ते गोंधळून बघत होते, जणू पोरगा शिकलेला आहे, म्हणतो त्यात काही तरी असेल, आपण झोपेत कधी प्यायलो का काय!

शिक्षा मोठी नव्हती. देवीला नारळ, सगळ्यांपुढे कान पकडणं, आणि राखण काढून घेतली. घरी जाताना वाटेत बाबांनी विचारलं, "तू कदी पाह्यलास रे मला पिताना?"

"नाय."

"बरं," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

आठ दिवसांत गळू फुटलं आणि बाबा पुन्हा पाठीवर निजू लागले. पुन्हा गिरण, पुन्हा फडका. फरक इतकाच की आता त्यांच्या झोपेला कुणी हसत नव्हतं. डुलकी लागली की लोक नजर फिरवायचे. पंगतीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, तेव्हा त्यांनी पंगतींना जाणं सोडलं. हंगामात संध्याकाळी राखणीला जाणारा माणूस ओटीसमोरून जायचा आणि बाबा त्या वेळी मुद्दाम गोठ्यात काही तरी करत असायचे. मी महिन्यातून एकदा यायचो, पगारातलं आईच्या हातात द्यायचो आणि परत जायचो. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. मी काढला नाही, त्यांनी काढला नाही.

पाच वर्षांनी एका दुपारी जेवून ते ओटीवर उताणे झोपले आणि उठले नाहीत. पन्नाशीही नीट ओलांडली नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. स्मशानात माझ्या मागे दोघं बोलत होते, "दारूनं खाल्ला बिचाऱ्याला." मी ऐकलं. मागे वळलो नाही.

मग माझी पाळी आली. तिशी आली तसं अंग सुटलं, आणि मुरबाडच्या खोलीत माझा खोलीसोबती उशी कानावर दाबून झोपू लागला. सकाळी कपाळात खिळा ठोकल्यासारखं दुखायचं. मी डोक्याला रुमाल बांधायचो, आणि इतका मठ्ठ की आरशात बघूनही मला काही आठवलं नाही. एकदा सकाळच्या पाळीत प्रेसवर उभा असताना डोळा लागला. पत्रा वाकडा गेला. हात वाचला तो नशिबाने. सुपरवायझरने मला बाजूला ओढलं आणि म्हणाला, "फुंक मार माझ्या तोंडावर."

मी फुंक मारली. वास आला नाही तरी त्याचा विश्वास बसेना. हल्ली वास न येणारी मिळते, म्हणाला. मी शपथा घातल्या. आईची, देवीची. घालताना मला ओळखीचं काही तरी ऐकू येत होतं, आणि ते काय आहे ते मला आठवायचं नव्हतं. शेवटी वरच्या साहेबांनी त्याच कारखान्यात असलेल्या माझ्या खोलीसोबत्याला बोलावलं. तो धुळ्याकडचा, माझ्या नात्याचा ना गोत्याचा. त्याला विचारलं, हा पितो का?

"नाही साहेब," तो म्हणाला. "मी रोज ह्याच्या बाजूला झोपतो. घोरतो रेड्यासारखा, मधे मधे श्वास अडकतो, मला भीती वाटते. पण पीत नाही."

एवढं सोपं होतं ते. जो शेजारी झोपतो त्याला विचारायचं.

कंपनीच्या डॉक्टरांनी कल्याणला पाठवलं. तिथे एका रात्रीची तपासणी होती. डोक्याला चिकट मलम लावून वायरी डकवल्या, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, बोटाला लाल दिव्याचा चिमटा लावला आणि म्हणाले, झोपा. सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी संगणकावर माझी रात्र दाखवली. एक रेघ रक्तातल्या ऑक्सिजनची. ती सरळ चालायची, मग पायरीपायरीने खाली, खाली, आणि मग एकदम वर उसळायची. पुन्हा खाली. रात्रभर तेच. जिथे ती तळाला जाई तिथे वरची मेंदूची रेघ पिसाळल्यासारखी व्हायची आणि हृदयाची रेघ धावत सुटायची.

"गळा आतून मिटतो," बाई म्हणाल्या. "जबडा लहान आहे ना तुमचा, जीभ मागे पडते. हवा बंद. ऑक्सिजन उतरला की मेंदू घाबरून धक्का देतो. तुम्हाला कळत नाही, पण मेंदू, मज्जातंतू, हृदय, सगळं रात्रभर पहाऱ्यावर असतं. तुम्ही झोपतच नाही म्हणा ना." मग फाइलमध्ये लिहिता लिहिता म्हणाल्या, "अशा माणसाला सकाळी बघितलं तर लोकांना वाटतं हा पिऊन आलाय. वडील घोरायचे का?"

मी हो म्हणालो.

उपाय म्हणजे रात्री नाकावर लावायचं एक यंत्र. ते विजेवर चालतं. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग इतकं होतं की यंत्राला माझ्याआधी झोप लागली असती. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग निदान पाठीवर झोपू नका. कुशीवर झोपलं की गळा मोकळा राहतो, पुष्कळ जणांचं घोरणंसुद्धा थांबतं. बनियनला मागून, दोन खांद्यांच्या मधे, एक रबरी चेंडू शिवून घ्या. पाठ टेकली की टोचेल आणि तुम्ही आपोआप कुशीला वळाल.

दोन खांद्यांच्या मधे. लिंबाएवढा. मी त्या खुर्चीतून किती तरी वेळ उठलो नाही. बाईंना वाटलं मला चक्कर आली.

गावी आल्यावर बनियन आणि चेंडू आईपुढे ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. ती शिवत राहिली. दोरा तोडून झाल्यावर म्हणाली, "त्या दिशी डोका नाय दुखला त्याचा. जल्मात एकदा मानूस धड झोपला, आनि त्याच दिशी..." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी पंचवीस-सव्वीस वर्सा त्याच्या बाजूला निजले. रातचं हलवून हलवून जागा करायची त्याला, वाटायचं आता गेला. त्याच्या तोंडाला वास नव्हता ते मला ठावं. वडाखाली उभी होते मी. मला कोनी इचारला नाय. तूबी नाय."

दुसऱ्या दिवशी मी अहवाल घेऊन कारभाऱ्यांकडे गेलो. ते आता पार थकले होते, ओटीवर खाटेला टेकून बसलेले. मी रेघा दाखवल्या, समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी म्हणालो, "तुमी तवा निवाडा केलात. आता गावकीत सांगा, तो पीत नव्हता."

"आमाला तवाच वाटत होतं का पीत नसल," कारभारी म्हणाले. "देवीची आण घेतली होती त्यानं. नारळाबिराळावर मिटवायचा, राखण त्याच्याकडंच ठेवायची, असा माज्या मनात होता. पन पोटचा पोर बोलला. त्याच्यापुढं आमी काय बोलनार? तूच बोललास तवा. आता तूच सांग."

तेव्हा मी सांगितलं. पुढच्या हंगामाआधी गावदेवीपुढे गावकी बसली तेव्हा मी उभा राहिलो. निळा शर्ट घातला नव्हता. अहवाल हातात धरून सगळं बोललो. गळा कसा मिटतो, रक्तातला ऑक्सिजन कसा उतरतो, डुकरं आली त्या रात्री बाबा कसे पहिल्यांदा नीट झोपले होते, आणि मी जे बोललो ते खोटं होतं. पोरं मोबाइलमधून डोकं वर काढून ऐकत होती, त्यांतल्या निम्म्यांना माझा बाप आठवतही नव्हता. चौथ्या घरातल्या म्हाताऱ्याचा मुलगा, माझ्याबरोबर शाळेत असलेला, उठून जवळ आला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे रे," तो मायेने म्हणाला. "बापूस होता तुजा, तुला वाटनारच. पीत होता तर पीत होता. मानूस चांगला होता, आमी कोन वाईट बोलतो त्याला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे बायकांतही कुणी तरी "चांगला होता गो" म्हणालं. मी अहवालाची घडी करून खिशात घातली आणि खाली बसलो. माझ्या गावाने माझ्या बापाला मोठ्या मनाने माफ करून टाकलं, आणि मग राखणीच्या पाळ्या ठरवायला सुरुवात झाली.